रंग गुलाबी, पान एकही नाही

जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी सर्वांत दक्षिणेचं बेट म्हणजे क्यूशू. त्याच्या दक्षिण भागात कागोशिमा आणि मियाझाकी या दोन प्रांतांच्या सीमेवर किरिशिमा ही ज्वालामुखींची रांग आहे. यातलं शिनमोएदाके हे शिखर २०११ मध्ये राख ओकत होतं. या रांगेतलं सर्वांत उंच शिखर सुमारे १७०० मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडं उंच आहे. १९३४ च्या मार्चमध्ये जपानने पहिली तीन राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली, त्यांत किरिशिमा होतं. डोंगरउतारांवर ओकच्या कुळातल्या झाडांचं सदाहरित जंगल आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे दीर्घ पाऊस लागतो आणि झाडांखालचा पाचोळा कित्येक दिवस ओलाच राहतो.

या पाचोळ्यातून वर येणारी एक वनस्पती २०२२ मध्ये विज्ञानाच्या दप्तरात नव्याने नोंदली गेली. तिचं नाव मोनोट्रोपास्ट्रम किरिशिमेन्से. उंची वीतभरही नाही. देठ मांसल. देठावर पानांच्या जागी नुसते खवले, आणि टोकाला मान खाली घातलेलं एकच फूल. फुलाला गुलाबी रंगाची छटा आहे. अख्ख्या झाडावर हिरवा ठिपकाही नाही, कारण सूर्यप्रकाशातून अन्न बनवणारं हरितद्रव्यच या वनस्पतीत नाही.

हे उद्यान दुर्गम नाही. तिथे पायवाटा आहेत, गरम पाण्याचे झरे आहेत आणि वर्षभर पर्यटकांचा राबता असतो. जपानमध्ये वनस्पतींची नोंद ठेवण्याची परंपराही जुनी आणि काटेकोर आहे. अशा ठिकाणची फुलझाडाची एक प्रजाती २०२२ पर्यंत वेगळी म्हणून ओळखली गेली नव्हती. तिची ओळख पटवताना कोबे विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ केनजी सुएत्सुगु आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फुलासोबत त्याची मुळं, मुळांतली बुरशी, फुलण्याचं वेळापत्रक आणि जनुकं या सगळ्यांचा माग काढावा लागला. वनस्पतीची ओळख तिच्या सोबत्यांसकट पटते, हे या कामातून फार स्पष्टपणे पुढे आलं.

दोनशे वर्षं एकच नाव

या गुलाबी फुलाचा जवळचा नातेवाईक शास्त्रज्ञांना दोन शतकं माहीत होता. डेव्हिड डॉन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये नेपाळच्या वनस्पतींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन आणि नॅथॅनिएल वॉलिक यांनी हिमालयातून जमवलेल्या नमुन्यांवर तो आधारलेला होता. एका पांढऱ्याफटक, बिनपानांच्या वनस्पतीचं वर्णन डॉनने त्यात केलं. तीच आज मोनोट्रोपास्ट्रम हुमिले म्हणून ओळखली जाते. हिमालयापासून चीन, तैवान आणि जपानपर्यंत ती पसरलेली आहे. जपानी लोक तिला ‘गिनर्योसो’ म्हणतात, म्हणजे चंदेरी ड्रॅगनचं झाड. खाली वाकलेलं पांढरं फूल ड्रॅगनच्या डोक्यासारखं दिसतं आणि त्याच्या आतली निळसर राखाडी कुक्षी डोळ्यासारखी चमकते.

मोनोट्रोपास्ट्रम या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटात, ही एकच प्रजाती आहे, असं सहसा मानलं जात होतं. जपानमध्ये कुठेकुठे गुलाबी फुलं दिसत, पण फुलाचा रंग बदलला म्हणून प्रजाती बदलत नाही. जास्वंदीला पांढरी फुलं येतात आणि लालही. सदाफुलीच्या एकाच वाफ्यात दोन रंग शेजारी शेजारी फुलतात. रानात तर मातीनुसार, उंचीनुसार आणि उन्हानुसार रंगात फरक पडतो. नवी प्रजाती जाहीर करायला गुलाबी रंग पुरेसा नव्हता.

दुसरी अडचण नमुन्यांची. वनस्पतिशास्त्राचं काम वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांवर, म्हणजे हर्बेरियमवर चालतं. दीडशे वर्षांपूर्वीचा नमुनाही पेटीतून काढून त्याची पानं, शिरा, लव आणि पाकळ्या मोजता येतात. पण या गटातल्या वनस्पती वाळताना काळ्या पडतात. रानातलं चंदेरी किंवा गुलाबी फूल हर्बेरियमच्या कागदावर काळपट चोथा होऊन बसतं. रंग जातो आणि आकारही आक्रसतो.

तिसरी अडचण या वनस्पतींच्या बांध्यातच आहे. प्रजाती वेगळ्या करताना शास्त्रज्ञ पानांचा आकार, कडा, देठ, शिरांची मांडणी, फांद्या फुटण्याची पद्धत पाहतात. इथे पानं नाहीत आणि फांद्याही नाहीत. उत्क्रांतीच्या ओघात या वनस्पतींनी अनावश्यक अवयव टाकून दिले आणि तुलना करता येईल असे अवयव मोजकेच उरले. म्हणून प्रकाशसंश्लेषण न करणाऱ्या वनस्पतींचा गट वर्गीकरणाच्या दृष्टीने सर्वांत अवघड गटांपैकी एक समजला जातो.

हिरवेपणाशिवाय जगायचं कसं

हरितद्रव्य नसलेली वनस्पती म्हटल्यावर आपल्याकडे अमरवेल आठवते. कुंपणावर पसरलेले तिचे पिवळे दोरे यजमान झाडाच्या खोडात शोषकमुळं घुसवतात आणि त्याचा रस थेट ओढतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर एजिनेशिया फुलते. तिलाही हिरवी पानं नसतात. जमिनीतून थेट देठ वर येतो आणि त्यावर जांभळट गुलाबी फूल लागतं. तिची मुळं गवताच्या मुळांना चिकटलेली असतात. या दोन्ही सरळसरळ परोपजीवी आहेत.

मोनोट्रोपास्ट्रमची तऱ्हा वेगळी आहे. तिची मुळं कुठल्याही झाडाच्या मुळांना चिकटलेली नसतात. आसपास खोदलं तर मुळांचा एक घट्ट गुंता मिळतो आणि त्याभोवती बुरशीच्या तंतूंचं वेष्टन. म्हणून पूर्वी या वनस्पती कुजलेल्या पाचोळ्यातून अन्न घेतात असा समज होता आणि कित्येक पाठ्यपुस्तकांत तो दीर्घकाळ छापला गेला. प्रत्यक्षात पाचोळा कुजवून त्यातून अन्न मिळवण्याची क्षमता या वनस्पतींच्या मुळांत नाही.

या कोड्याची पहिली उकल पोलिश शास्त्रज्ञ फ्रान्चिशेक कामियेन्स्की यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला केली. मोनोट्रोपा या जवळच्या नातेवाईक वनस्पतीची मुळं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मुळाला मातीचा स्पर्शच होत नाही आणि सगळी देवाणघेवाण बुरशीच्या थरातूनच होत असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यानंतर १८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी झाडाचं मूळ आणि बुरशी यांच्या जोडीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिलं.

पण बुरशीजवळ तरी अन्न कुठून येतं? १९६० मध्ये स्वीडनच्या एरिक ब्योर्कमन यांनी याचं उत्तर देणारा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पाइन आणि स्प्रूस वृक्षांच्या खोडात किरणोत्सारी कार्बन असलेली साखर टोचली. काही काळाने जवळ उगवलेल्या मोनोट्रोपाच्या झाडांत तोच किरणोत्सारी कार्बन सापडला. झाडाने पानांत बनवलेली साखर मुळांशी राहणाऱ्या बुरशीला मिळते आणि तिच्याकडून ती या बिनहिरव्या वनस्पतीपर्यंत पोहोचते.

झाड आणि बुरशी यांच्यातला व्यवहार दोघांच्या सोयीचा असतो. बुरशीचे तंतू मुळांपेक्षा कितीतरी बारीक असल्याने मातीच्या कणांमधल्या फटींत शिरतात आणि झाडाला पाणी, फॉस्फरस, नायट्रोजन आणून देतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. मोनोट्रोपास्ट्रम या साखळीला शेवटी जोडली जाते आणि फक्त घेते. ती बुरशीला काही परत देते, असा पुरावा मिळालेला नाही. अशा रीतीने बुरशीवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या फुलझाडांच्या जगभरात पाचशेच्या आसपास प्रजाती आहेत.

ऊन लागत नसल्यामुळे या वनस्पती घनदाट सावलीत जगू शकतात, आणि वर्षातला बहुतेक काळ त्या जमिनीखालीच असतात. फुलायचं आणि बी धरायचं असतं तेवढ्याच काळापुरत्या त्या वर येतात. चुकीच्या महिन्यात त्याच जागेवरून कितीही वेळा चाललं, तरी पायाखाली काय आहे याचा पत्ता लागत नाही.

पाच साक्षी

किरिशिमाची गुलाबी वनस्पती खरोखर वेगळी आहे का, हे ठरवताना सुएत्सुगु यांच्या गटाने एकाच पुराव्यावर भिस्त ठेवली नाही.

पहिली साक्ष फुलाची. ताज्या फुलांची बारकाईने तुलना केल्यावर रंगापलीकडचे फरक दिसू लागले. गुलाबी फुलात निदलं आणि पाकळ्या सहसा जास्त असतात. निदलांचा आकार लंबगोल असतो. महत्त्वाचं म्हणजे फूल उमलल्यापासून कोमेजेपर्यंत निदलं पाकळ्यांना चिकटून राहतात. हा फरक वाळलेल्या काळ्या नमुन्यात शोधणं अवघड. रानात जाऊन, फुलाच्या वेगवेगळ्या अवस्था पाहूनच तो कळतो.

दुसरी साक्ष मुळांची. पांढऱ्या गिनर्योसोचा मुळांचा गोळा स्पष्ट दिसतो आणि त्याच्या पृष्ठभागातून मुळांची टोकं बाहेर डोकावतात. गुलाबी वनस्पतीत हा गोळा भोवतालच्या मातीशी एकजीव झालेला असतो. टोकं जवळजवळ बाहेर येतच नाहीत, त्यामुळे माती कुठे संपली आणि मुळं कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही.

तिसरी साक्ष वेळापत्रकाची. दोन्ही वनस्पती काही ठिकाणी एकाच जंगलात वाढतात, पण गुलाबी वनस्पती पांढरीपेक्षा सुमारे ४० दिवस उशिरा फुलते. वनस्पतींच्या जगात हे अंतर मोठं आहे. दोघींचं परागीभवन केसाळ भुंगे करतात. दोन्ही फुलं एकाच वेळी उमलली असती, तर भुंग्यांनी एकीचे परागकण दुसरीवर नेले असते आणि पिढ्यानपिढ्या दोघींची सरमिसळ होत राहिली असती. एकीचा हंगाम ओसरल्यावर दुसरीचा सुरू होतो, म्हणून शेजारी राहूनही दोघींची वंशरेषा वेगळी टिकली, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

चौथी साक्ष बुरशीची. दोन्ही वनस्पतींच्या मुळांतल्या बुरशीचं जनुकीय विश्लेषण करण्यात आलं. दोघींच्याही मुळांत रसुला गटाची बुरशी आहे. पावसात जंगलात लाल, पिवळ्या, जांभळ्या टोप्यांच्या ठिसूळ अळंब्या उगवतात, त्यांतल्या पुष्कळ या गटातल्या असतात. पण दोघींचे रसुला गट वेगवेगळे निघाले. एकाच जंगलात, अगदी जवळ वाढतानाही, त्यांनी एकमेकींच्या बुरशीला हात लावलेला नव्हता.

जगण्याचा मार्गच निराळा असल्याचा हा पुरावा होता. या वनस्पतींचं बी धुळीच्या कणासारखं बारीक असतं. त्यात अंकुराला पुरेल एवढंही अन्न साठवलेलं नसतं. योग्य बुरशी भेटली तर ते रुजतं, नाहीतर मातीतच संपतं. कोणती वनस्पती कुठे उगवेल हे बुरशी ठरवते, आणि बुरशी कुठे असेल हे वरची झाडं ठरवतात.

पाचवी साक्ष जनुकांची. दोन्ही वनस्पतींच्या संपूर्ण जनुकसंचात विखुरलेल्या, एकेका अक्षराच्या फरकांची तुलना झाली. एकाच प्रजातीचे दोन रंग असते, तर जवळपास वाढणाऱ्या गुलाबी आणि पांढऱ्या झाडांचे जनुकसंच एकमेकांत मिसळलेले दिसले असते. ते तसे दिसले नाहीत. दोन गट स्वच्छ वेगळे पडले.

आकार, मुळं, हंगाम, बुरशी आणि जनुकं. पाचही पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत होते. १८२५ पासून शास्त्रज्ञांना माहीत असलेल्या गिनर्योसोला २०२२ मध्ये बहीण मिळाली.

नाव मिळण्याचे नियम

नवी वनस्पती सापडली असं म्हणून भागत नाही. वनस्पतींना नावं देण्याची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. तिच्यानुसार नव्या प्रजातीचं वर्णन प्रसिद्ध करावं लागतं आणि एक आदर्श नमुना नेमून तो मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये ठेवावा लागतो. पुढे कुणाला शंका आली तर मूळ वनस्पती म्हणून हाच नमुना तपासला जातो. हे वर्णन लॅटिनमध्येच लिहिण्याची सक्ती होती, ती १ जानेवारी २०१२ पासून शिथिल झाली आणि इंग्रजी वर्णनही चालू लागलं. नाव मात्र आजही लॅटिन धाटणीचंच असतं. ‘किरिशिमेन्से’ म्हणजे किरिशिमाची.

प्रजातीच्या खाली आणखी पायऱ्या आहेत: उपप्रजाती, मग वाण, मग रूप. फक्त फुलाचा रंग वेगळा असेल तर त्या वनस्पतीला सहसा सर्वांत खालची, म्हणजे रूपाची पायरी मिळते. फरक वंशपरंपरेने टिकत असतील आणि दोन गट निसर्गात मिसळत नसतील, तर ती वर चढते. किरिशिमाच्या वनस्पतीला थेट प्रजातीची पायरी मिळाली, याचं श्रेय वेळापत्रक, बुरशी आणि जनुकं यांच्या एकत्रित पुराव्याला आहे.

या चर्चेचा संबंध वनस्पतीच्या संरक्षणाशी आहे. पांढरा गिनर्योसो हिमालयापासून जपानपर्यंत पसरलेला आहे, त्यामुळे तो जगाच्या पाठीवरून नाहीसा होण्याची भीती तूर्त नाही. गुलाबी वनस्पती त्याचंच एक रूप मानली गेली असती, तर तिची थोडकी ठिकाणं नष्ट झाल्याची नोंदही कुणी घेतली नसती. वेगळं नाव मिळाल्यावर ती अतिशय दुर्मिळ ठरते आणि धोक्यातल्या प्रजातींच्या यादीसाठी तिचा विचार होऊ शकतो. तिला उपटून बागेत जगवता येत नाही, कारण सोबत बुरशी आणि बुरशीला पोसणारं झाडही न्यावं लागेल. तिला वाचवायचं तर तिचं जंगल आहे तसं वाचवावं लागतं.

झुरळ, रातकिडा आणि एक विक्रम

फूल झाल्यावर पुढे काय, याची माहितीही अलीकडेच जमू लागली आहे. पांढऱ्या गिनर्योसोला छोटं, रसदार, पांढरट फळ येतं. त्यात असंख्य सूक्ष्म बिया असतात. नातेवाईक मोनोट्रोपाचं फळ सुकून फुटतं आणि बिया वाऱ्यावर जातात. पण घनदाट जंगलाच्या तळाशी वारा फारसा नसतो आणि गिनर्योसोचं फळ फुटतही नाही. मग त्याच्या बिया पसरवतं कोण?

जपानी संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की रानातली एक झुरळाची जात ही फळं खाते आणि बिया तिच्या विष्ठेतून धडधाकट बाहेर पडतात. पंख नसलेले रातकिडेही हेच काम करतात, हे सुएत्सुगु यांच्या निरीक्षणांतून पुढे आलं. २०२४ मध्ये आणखी एक नोंद झाली. दगडाखाली, ओल्या लाकडाखाली राखाडी कवचाचे चौदा पायांचे चिमुकले जीव सापडतात. ते झिंग्यांचे जमिनीवर राहणारे दूरचे नातेवाईक. ते गिनर्योसोची फळं खातात आणि त्यांच्या विष्ठेतूनही बिया साबूत बाहेर येतात. पोटातून बिया वाहून नेणारे हे सर्वांत लहान ज्ञात प्राणी ठरले.

ज्या प्राण्यांकडे जंगलात येणारा माणूस पाहतही नाही, त्यांच्यावर एका फुलझाडाची पुढची पिढी अवलंबून आहे. पाचोळा झाडून स्वच्छ केलेल्या वनात हे प्राणी राहत नाहीत.

कोबेपासून सह्याद्रीपर्यंत

बुरशीवर जगणारी दुसरी फुलझाडं याहूनही दृष्टीआड राहतात. थिस्मिया या जीनसमधल्या वनस्पती नखाएवढ्या कंदिलासारख्या दिसतात. १९९२ मध्ये जपानच्या कोबे शहराजवळ थिस्मियाचा एक नमुना मिळाला. १९९९ मध्ये त्या जागेवर औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि अधिवास संपला. त्या जुन्या नमुन्यावरून २०१८ मध्ये तिला थिस्मिया कोबेन्सिस हे नाव मिळालं, तेव्हा ती नामशेष झाल्याचं मानलं जात होतं. सुदैवाने २०२१ मध्ये मूळ ठिकाणापासून सुमारे ३० किलोमीटरवर तिची थोडी झाडं पुन्हा सापडली.

अमेरिकेतल्या थिस्मिया अमेरिकानाच्या वाट्याला हे सुदैव आलं नाही. नॉर्मा फायफर या तरुण संशोधिकेला १९१२ मध्ये ती शिकागोजवळच्या एका ओल्या गवताळ जागेत सापडली. १९१६ नंतर ती कुणालाही दिसलेली नाही. त्या परिसरात पुढे कारखाने उभे राहिले.

किरिशिमाची रांग ज्याच्या सीमेवर आहे, त्या कागोशिमा प्रांतातच ओसुमी द्वीपकल्पाच्या डोंगरात जून २०२२ मध्ये थिस्मियाच्या कुळातली एक अनोळखी वनस्पती मिळाली. ती तीन सेंटिमीटरहूनही कमी उंच आहे आणि तिचं फूल पाचोळ्यातून जेमतेम वर येतं. ती ज्ञात जीनसांपैकी कशातच बसेना, म्हणून २०२४ मध्ये तिच्यासाठी रेलिक्टिथिस्मिया हा नवा जीनस करण्यात आला. जपानमध्ये वाहिनीयुक्त वनस्पतींचा नवा जीनस सापडण्याची घटना जवळपास शतकभराने घडत होती.

त्या वनस्पतीचे पुंकेसर तपासताना संशोधकांना तुलना करावी लागली ती आपल्या पश्चिम घाटातल्या एका वनस्पतीशी. हॅप्लोथिस्मिया एक्झॅन्युलाटा ही वनस्पती १९५१ मध्ये केरळातल्या परंबिकुलमच्या जंगलात मिळाली आणि पुढच्या वर्षी तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. हॅप्लोथिस्मिया जीनसमध्ये ही एकच प्रजाती आहे. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षं ती कुणाला दिसली नाही. सहस्रक बदलण्याच्या सुमारास केरळातल्या संशोधकांनी ती त्याच प्रदेशात पुन्हा शोधून काढली. तिचे आणि ओसुमीच्या वनस्पतीचे परागकोश एकमेकांपासून सुटे असतात, तर थिस्मियात ते जोडलेले असतात. हजारो किलोमीटर दूरच्या दोन पावसाळी डोंगरांतल्या या दोन दुर्मिळ वनस्पतींमधलं साम्य असं उजेडात आलं. केरळातल्याच जंगलातून थिस्मियाची आणखी एक प्रजाती मिळाली, तिच्या नावात सह्याद्री आहे: थिस्मिया सह्याद्रिका.

गिनर्योसो मात्र महाराष्ट्राच्या सह्याद्रीत शोधण्यात अर्थ नाही. त्याची रसुला बुरशी ओक आणि त्यांच्यासारख्या झाडांच्या मुळांवर वाढते. सह्याद्रीतल्या बहुतेक झाडांची सोबत वेगळ्या प्रकारच्या बुरशीशी असते, जिचे तंतू मुळाच्या पेशींच्या आत शिरतात आणि जिच्या अळंब्या वर उगवत नाहीत. थिस्मिया आणि हॅप्लोथिस्मिया याच दुसऱ्या प्रकारच्या बुरशीवर जगतात. पश्चिम घाटात बुरशीवर जगणाऱ्या फुलझाडांचा शोध त्यांच्याच दिशेने घ्यायला हवा: बारमाही ओल टिकणारी, जुनी, फारशी तोड न झालेली वनं, आणि त्यांत पावसाळ्याचे महिने.

भारतातला गिनर्योसोचा प्रश्न हिमालयाचा आहे. डॉनने १८२५ मध्ये वर्णन केलेली वनस्पती हिमालयातली होती. जपानमधल्या मोनोट्रोपास्ट्रमची बारकाईने तपासणी केल्यावर तिथे एका नावाखाली दोन प्रजाती निघाल्या. हिमालयातल्या वेगवेगळ्या खोऱ्यांतल्या, वेगवेगळ्या महिन्यांत फुलणाऱ्या झाडांची मुळं, बुरशी आणि जनुकं अशाच पद्धतीने तपासणं हे भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांपुढचं रंजक काम आहे.

पावसाळ्यात रानात जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात नव्या वनस्पती सापडणं थांबलेलं नाही. सापकांद्याच्या जीनसमधली अरिसेमा सह्याद्रिकम ही जंगलतळाची प्रजाती १९९० च्या दशकात श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात वनस्पतींच्या वर्गीकरणाची जी परंपरा रुजली, तिच्यात यादव यांचा मोठा वाटा आहे. अशा कामात स्थानिक भटके, छायाचित्रकार, शिक्षक आणि वनमजूर यांच्या निरीक्षणांचा खूप उपयोग होतो. तेच त्या जागी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या महिन्यांत जात असतात.

पाचोळ्यातून वर आलेलं, पान नसलेलं अनोळखी फूल दिसलं तर ते उपटू नये. संरक्षित जंगलातून नमुना घ्यायला वनखात्याची परवानगी लागते. शिवाय एका ठिकाणी चारच झाडं असतील, तर एक उपटणं म्हणजे पाव संख्या नष्ट करणं. छायाचित्रं मात्र भरपूर घ्यावीत: समोरून, बाजूने, खालून फुलाच्या आत डोकावून, आणि शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून. निदलं पाकळ्यांना चिकटलेली आहेत की सुटी, देठावर खवले किती आणि कसे आहेत, हे त्यात दिसायला हवं. वर कोणती झाडं आहेत आणि आसपास कोणत्या अळंब्या उगवल्या आहेत, त्यांचीही छायाचित्रं घ्यावीत, कारण फुलाचं अन्न तिथूनच येत असू शकतं. तारीख आणि जागा लगेच लिहून ठेवावी. पंधरा दिवसांनी तिथेच परत जाऊन फूल, फळ किंवा रिकामी जागा, जे दिसेल ते नोंदवावं.

ही माहिती तपासणाऱ्या संस्था राज्यातच आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेचं हर्बेरियम आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे आणि कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग. दुर्मिळ वनस्पतीची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकण्याऐवजी या संस्थांतल्या तज्ज्ञांना कळवावी, म्हणजे फुलाची तपासणीही होते आणि ते पाहायला गर्दी होऊन त्याचा पाचोळा तुडवलाही जात नाही.